चाकांवरचे बिऱ्हाड आणि मुक्कामाचा हक्क : अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातील प्रवासलेखनाविषयी

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची एक अध्याहृत अट असते. प्रवासी घर मागे ठेवून निघतो आणि घरी परततो. या दोन टोकांमधल्या काळात जे दिसते ते परके म्हणून दिसते, आणि परतून आल्यामुळेच ते सांगण्याचा अधिकार निवेदकाला मिळतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वरसईहून निघतो आणि वरसईलाच येऊन थांबतो. १८५७च्या धामधुमीची हकिकत या दोन वरसईंच्या मध्ये बसवलेली आहे. घर हे अशा लेखनाचे न दिसणारे जोते असते.

प्रवासी घरच बरोबर घेऊन निघाला तर या प्रकाराचे काय होते, हा प्रश्न अमेरिकन साहित्याने विसाव्या शतकात वारंवार उपस्थित केला आहे. तिकडे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ आणि बोलीत नुसते ‘आरव्ही’ म्हणून ओळखले जाणारे वाहन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड होय. ट्रकच्या पाठीवर बसवलेली खोली, मोटारीमागे ओढत न्यायचा ट्रेलर, बसएवढी मोटरहोम किंवा आतून फळ्या ठोकून राहण्याजोगी केलेली साधी व्हॅन, अशी त्याची रूपे अनेक. पण बिछाना, शेगडी, शौचकूप, गॅसची टाकी आणि पाण्याची टाकी एवढे बहुतेकांत असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत अस्थिर माणसासाठी थोड्या कीवेने वापरली जाते. अमेरिकेत त्याच बिऱ्हाडाला स्वातंत्र्याचे प्रतीक मानण्याची प्रथा पडली. अॅरिझोना, न्यू मेक्सिको, दक्षिण युटा, नेवाडा आणि आग्नेय कॅलिफोर्निया हा नैर्ऋत्येचा रखरखीत पट्टा म्हणजे या प्रतीकाची रंगभूमी.

या पट्ट्यातील प्रवासलेखनाची समीक्षा सामान्यतः ‘गती’ या संकल्पनेभोवती फिरत आली आहे. मोकळा रस्ता, क्षितिज, पुढे पुढे जाणे, मागचे मागे टाकणे ही त्या समीक्षेची परिचित परिभाषा. या ग्रंथांचा खरा आशय गतीपेक्षा थांबण्यात साठलेला आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. कोण कोठे, किती दिवस आणि कोणाच्या परवानगीने थांबू शकतो, हा प्रश्न विचारला की एरवी एकाच परंपरेत बसवली जाणारी पुस्तके एकमेकांपासून दूर सरकतात, आणि एरवी एका कपाटात न ठेवली जाणारी पुस्तके शेजारी येऊन बसतात.

२

या मांडणीचा आरंभ जॉन स्टाइनबेक यांच्यापासून करणे सोयीचे आहे, कारण एकाच लेखकाने एकच वाळवंट चाकांवरच्या घरातून दोनदा ओलांडलेले तेथे सापडते. १९३९च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये ओक्लाहोमातून जमीन गमावून निघालेले जोड कुटुंब जुन्या हडसन मोटारीचा मागचा भाग कापून तिचा ट्रक बनवते आणि त्यावर सारा संसार लादून ६६ क्रमांकाच्या हमरस्त्याने पश्चिमेकडे निघते. कोलोरॅडो नदीकाठी नीडल्स येथे तंबूत विसावलेल्या आईला एक अधिकारी येऊन उद्या येथे दिसू नका असे बजावतो. त्या रात्री मोहावी वाळवंट ओलांडताना आजी मरते. तपासणी नाक्यावर ट्रक उलगडायला लावतील आणि वेळ जाईल, या भीतीने आई प्रेताशेजारी पडून राहते, म्हातारी आजारी आहे असे सांगून गाडी पुढे काढते आणि उजाडेपर्यंत कुटुंबाला काही कळू देत नाही. येथे गती ही सक्ती आहे. मृत्यूसाठीसुद्धा थांबता येत नाही.

सप्टेंबर १९६० मध्ये तोच लेखक ट्रकवर बसवलेल्या खोलीतून अमेरिका पाहायला निघाला. ट्रकला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले, ‘रोसिनांते’. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा होता. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’मध्ये मोहावी पुन्हा येते, यावेळी उलट दिशेने. निवेदक वाळवंटात गाडी उभी करतो, कुत्र्याला पाणी पाजतो. दोन कोयोटी दिसतात. तो बंदूक रोखतो, झाडत नाही, आणि त्यांच्यासाठी कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे उघडून ठेवून निघतो. हा प्रसंग करुणेचा म्हणून वाचला जातो आणि तसा तो आहेही. परंतु दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याच्या लक्षात येते की करुणेला लागणारा अवकाश थांबण्याच्या मुभेतून निर्माण झाला आहे. जोड कुटुंबाकडे करुणा कमी नव्हती. त्यांना मोहावीत थांबण्याची मुभा नव्हती.

या दोन प्रवासांच्या मध्ये एक न्यायालयीन निर्णय उभा आहे. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर निर्धनांना अडवण्यासाठी नाकेबंदी केली होती. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा तेथील कायद्याने गुन्हाच होता. १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एडवर्ड्‌स विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात तो कायदा रद्द ठरवला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मोकळीक गरिबालाही आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. जाऊन थांबायचे कोठे, याविषयी त्या निर्णयात काही नव्हते.

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’च्या तथ्यात्मकतेवर २०११ नंतर बरीच चर्चा झाली. स्टाइनबेक अनेक रात्री हॉटेलांत उतरले होते आणि प्रवासातील बराच काळ त्यांची पत्नी बरोबर होती, असे संशोधनातून पुढे आले. २०१२च्या पन्नासाव्या वर्धापन आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये असा इशारा द्यावा लागला. तथ्याच्या कसोटीवर पुस्तक उणे ठरते हे खरेच. वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने मात्र ही बाब अधिक बोलकी आहे. पत्नी वगळली की संसार वगळला जातो आणि उरतो तो एकाकी पुरुष, त्याचे वाहन आणि त्याचे प्राणी. चाकांवरच्या बिऱ्हाडातून बिऱ्हाडच काढून टाकल्याशिवाय त्याला स्वातंत्र्याचे प्रतीक होता आले नाही.

३

एडवर्ड अॅबी यांचे ‘डेझर्ट सॉलिटेअर’ (१९६८) हे या वाळवंटाविषयीचे बहुधा सर्वांत प्रभावी गद्य. युटातील मोअॅब गावाजवळच्या आर्चेस या संरक्षित प्रदेशात, तो राष्ट्रीय उद्यान होण्यापूर्वी (तो दर्जा १९७१ साली मिळाला), अॅबी यांनी हंगामी वनरक्षक म्हणून काम केले. एकाहून अधिक हंगामांचे अनुभव त्यांनी एका हंगामाच्या चौकटीत बसवले. पुस्तकातील एक प्रकरण मोटारीच्या खिडकीतून निसर्ग पाहणाऱ्या पर्यटनावर तुटून पडते. अशा पर्यटनाला अॅबी ‘औद्योगिक’ म्हणतात, आणि उद्यानांत मोटारींना मज्जाव करावा, लोकांनी पायी, सायकलवर किंवा घोड्यावर यावे असा आग्रह धरतात. नव्या रस्त्याच्या आखणीसाठी रोवलेल्या खुंट्या उपटून टाकणारा निवेदक पुढच्या पिढीच्या पर्यावरणवाद्यांचा आदिपुरुष ठरला.

हा निवेदक स्वतः राहतो कोठे? सरकारने दिलेल्या एका ट्रेलरमध्ये. चाकांवरच्या घरांविरुद्धचा इंग्रजीतला हा सर्वांत गाजलेला अभियोग चाकांवरच्या घरात बसून लिहिला गेला आहे. ही विसंगती अॅबी लपवत नाहीत. पुस्तकातील उत्तम पाने तिच्यातूनच निर्माण झाली आहेत. रात्री पत्र लिहिण्यासाठी निवेदक जनित्र सुरू करतो. दिवा लागतो, यंत्राची घरघर सुरू होते आणि त्याच क्षणी बाहेरचे वाळवंट नाहीसे होते. माणूस एका उजळलेल्या पेटीत कोंडला जातो. काम आटोपून तो यंत्र बंद करतो, तेव्हा रात्र हळूहळू परत येते. पुढे उन्हाळ्यात तो ट्रेलरमधून बाहेर पडून मांडवाखाली राहू लागतो. वाळवंटाच्या वर्णनात विशेषणांची खैरात सहज होऊ शकते. येथे मात्र एका कळीच्या उघडझापीतून आत आणि बाहेर यांची सीमारेषा आखली जाते. घर बरोबर आणले की वाळवंट बाहेर राहते, हे सांगण्यासाठी अॅबींना रूपकाची गरज पडत नाही.

अॅबी यांच्या मांडणीची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांच्या वाळवंटात थांबण्याचा अधिकार पात्रतेने मिळतो : जो कष्ट घेईल, घाम गाळील, एकटा राहू शकेल त्याला. परंतु त्यांच्या स्वतःच्या थांबण्याला आधार नोकरीचा होता. चावी, ट्रेलर आणि वेतन सरकारचे होते. मेक्सिकोतून याच वाळवंटातून चालत येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र कष्टाची कसोटी त्यांना पुरेशी वाटली नाही. १९८०च्या दशकात त्यांनी या स्थलांतराला उघड विरोध केला. निर्जनतेचे सौंदर्यशास्त्र कोणाच्या अनुपस्थितीवर उभे आहे, हा प्रश्न अॅबींच्या गद्याची ताकद मान्य करूनही विचारावा लागतो.

४

अॅरिझोनाच्या पश्चिम टोकाला, दहा क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर क्वार्ट्‌झसाइट नावाचे काही हजार वस्तीचे गाव आहे. हिवाळ्यात तेथील वाळवंटात लाखोंच्या संख्येने चाकांवरची घरे येऊन जातात. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम पावणेतीनशे मीटर असल्याने उन्हाळ्यात तेथे राहणे अशक्यप्राय होते. तेव्हा हीच घरे फ्लॅगस्टाफसारख्या दोन हजार मीटरांहून उंच भागाकडे सरकतात. हे स्थलांतर ऋतुचक्राने बांधलेले असते.

भोवतालची बरीचशी जमीन संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे. अशा जमिनीवर सर्वसाधारण नियम अठ्ठावीस दिवसांच्या अवधीत चौदा दिवस राहण्याचा. मुदत भरली की ठराविक अंतरापलीकडे हलावे लागते. १९८३ पासून काही क्षेत्रे दीर्घ मुक्कामासाठी राखली गेली. तेथे शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम काढता येतो. क्वार्ट्‌झसाइटलगतचे ला पोसा हे त्यांपैकी एक. म्हणजे ज्या भूमीचे वर्णन साहित्यात असीम असे होते, तेथील जीवन पंचांगाने बांधलेले आहे. पाण्याच्याही तीन टाक्या : वापरायच्या पाण्याची, भांडी-अंघोळीच्या करड्या पाण्याची आणि शौचाच्या काळ्या पाण्याची. कोणती किती भरली आणि कोणती किती रिती झाली यावरून मुक्काम ठरतो. या लेखनात याद्या आणि हिशेब इतक्या वेळा का येतात, याचा उलगडा येथे होतो. टीकाकार त्यांना वृत्तांतातले कोरडे भाग म्हणून ओलांडून जातात. वस्तुतः टाक्यांची ही वही म्हणजेच या प्रकाराचे कथानक होय.

कॅनडातील मानवशास्त्रज्ञ दांपत्य डोरोथी आणि डेव्हिड काउंट्‌स यांनी या लोकांचा ‘ओव्हर द नेक्स्ट हिल’ (१९९६) हा अभ्यास सिद्ध केला. त्यापूर्वी त्यांचे क्षेत्रकार्य पापुआ न्यू गिनीमध्ये झाले होते. दूरच्या बेटांवर वापरलेली साधने त्यांनी आपल्याच समाजातील निवृत्तांकडे वळवली आणि त्यासाठी स्वतः चाकांवरच्या घरात राहिले. नळ, वीज काहीही नसलेल्या मोकळ्या जमिनीवर तळ ठोकण्याला हे लोक ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. हा शब्द तागालोग भाषेतील ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर या शब्दावरून आला. फिलिपिन्समध्ये लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो विसाव्या शतकाच्या आरंभी घरी आणला. निवृत्तांच्या निरुपद्रवी विरंगुळ्याच्या नावात एक वसाहतयुद्ध झोपलेले आहे.

‘कॅम्प’ या शब्दाचीही या परिसरात हीच गत आहे. क्वार्ट्‌झसाइटच्या वायव्येस थोड्या अंतरावर, कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासी राखीव क्षेत्रात, दुसऱ्या महायुद्धात पोस्टन येथे बंदिछावणी उभारली गेली. राखीव क्षेत्राच्या आदिवासी परिषदेचा विरोध डावलून १९४२ मध्ये ती बांधली आणि सतरा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना तेथे डांबले गेले. एकाच वाळवंटात काही तासांच्या अंतरावर ‘कॅम्प’ या शब्दाचे दोन अर्थ नांदतात : जेथून केव्हाही उठून जाता येते ती जागा, आणि जेथून उठताच येत नाही ती जागा. साहित्य-अभ्यासकाला या अर्थांची मोजदाद ठेवावीच लागते.

५

२००८च्या आर्थिक अरिष्टानंतर चाकांवरच्या घरांतील माणसे बदलली. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे या बदलाचे पुस्तक. घर, निवृत्तिवेतन किंवा नोकरी गमावलेले साठीतले आणि सत्तरीतले स्त्री-पुरुष व्हॅनमध्ये राहून बिटाच्या काढणीवर, शिबिरस्थळांच्या देखभालीवर आणि अॅमेझॉनच्या गोदामांत हंगामी कामे करतात. पुस्तकाच्या केंद्रस्थानी असलेल्या लिंडा मे यांना अॅरिझोनात स्वतःच्या जमिनीवर टाकाऊ वस्तूंतून पर्यावरणपूरक घर बांधायचे आहे. प्रतीकाची दिशा येथे उलटली. स्टाइनबेक घरातून निघून रस्त्याकडे जातो. लिंडा मे रस्त्यावरून घराकडे जाऊ पाहते.

ब्रूडर यांच्या वृत्तलेखनाचे बळ त्यांच्या तपशिलात आहे, आणि तो तपशील नेहमी थांबण्याचा असतो. कोणत्या दुकानाच्या आवारात रात्र काढता येते, दारावर थाप पडली तर काय करायचे, पडदे कोणत्या रंगाचे असावेत म्हणजे आत माणूस आहे हे कळणार नाही. दारावरची थाप हा या पुस्तकातील भयाचा आवर्ती ध्वनी आहे. तळांवरचे बहुसंख्य लोक गोरे का, या प्रश्नालाही लेखिका भिडते : पोलिसांनी गाडी थांबवणे ज्याच्या जिवावर बेतू शकते, त्या कृष्णवर्णीय माणसासाठी हीच जीवनपद्धती किती वेगळी ठरेल, हे ती दाखवून देते.

आणखी एक तपशील मराठी वाचकाला विशेष बोलका वाटावा. चाकांवर राहणाऱ्याला वाहनपरवान्यासाठी, विम्यासाठी, मतदानासाठी कोठला तरी पत्ता लागतो. म्हणून अनेक जण साउथ डकोटासारख्या सवलतीच्या राज्यात कागदोपत्री रहिवासी होतात; तेथे ते क्वचितच राहतात. मराठीत पत्ता ‘मुक्काम पोस्ट’ने सुरू होतो. मूळचा अरबी ‘मुक्काम’ म्हणजे वाटेतला थांबा. आपल्या पत्त्यांनी त्याला कायमच्या वस्तीचा अर्थ दिला. या लोकांना मुक्काम रोज मिळतो, पोस्ट मिळत नाही. नेवाडातील एम्पायर या गावाचा जिप्समचा कारखाना २०११ साली बंद पडला आणि पाठोपाठ त्या गावाचा टपाल-संकेतांकही रद्द झाला. ही घटना ब्रूडर नोंदवतात तेव्हा ती एका गावाच्या मरणाची नोंद ठरते.

क्लोई झाओ यांनी २०२० साली या पुस्तकावर चित्रपट केला. व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर त्याला मिळाले. लिंडा मे व इतर काहींनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या. मध्यवर्ती फर्न ही मात्र कल्पित आणि फ्रान्सेस मॅकडॉर्मंड यांनी साकारलेली. माध्यमांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी येथे एक फरक टिपावा. चित्रपटातील फर्नला बहिणीचे आणि एका मित्राचे घर देऊ केले जाते आणि ती ते नाकारते. या नकारामुळे तिचा प्रवास निवड ठरतो, शोकाचे रूप घेतो. पुस्तकातील आर्थिक सक्ती पडद्यावर वैधव्याच्या दुःखात विरघळते, आणि गोदामातील कामाचे शारीरिक मोल बरेचसे चौकटीबाहेर राहते. संध्याप्रकाशातले वाळवंट सुंदर आहे, प्रामाणिकही आहे. पण त्या सौंदर्याने ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’च्या एकाकी प्रवाशाला पुन्हा जागेवर आणून बसवले, एवढेच की आता तो स्त्री आहे.

२८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्‌स पास विरुद्ध जॉन्सन या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की सार्वजनिक जागेत झोपण्यावर आणि मुक्काम ठोकण्यावर बंदी घालून दंड करणे हे घटनेने निषिद्ध ठरवलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही. खटला ओरेगनमधील गावाचा, परिणाम देशभराचा. त्या गावाच्या नियमांतला गुन्ह्याचा शब्द ‘कॅम्पिंग’ हाच आहे. १९४१ साली जाण्याचा हक्क मान्य झाला. २०२४ साली थांबण्याच्या हक्काला घटनेचा हा आधार नाकारला गेला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’पासून ब्रूडरपर्यंतचे लेखन या दोन निर्णयांच्या मधल्या फटीत घडले आहे.

६

आतापर्यंतच्या ग्रंथांत वाळवंट हे येऊन जाण्याचे ठिकाण आहे. ज्यांना ते घर आहे त्यांचे लेखन शेजारी ठेवले की थांबण्याचा प्रश्न अधिक खोल जातो. लेस्ली मार्मन सिल्को यांच्या ‘सेरेमनी’ (१९७७) या कादंबरीत लागुना प्वेब्लोचा टायो दुसऱ्या महायुद्धातून खचून परततो. त्याचे हरवलेली गुरे शोधत डोंगर-पठारांवर हिंडणे हे वरवर पाहता प्रवासकथनच आहे. परंतु प्रत्येक थांबा एखाद्या कथेने आधीच व्यापलेला आहे. माणूस जागेला नाव देत नाही, जागा माणसाला ओळखते. कादंबरीचा कळस युरेनियमच्या परित्यक्त खाणीपाशी होतो, आणि ज्या निर्जनतेवर प्रवासलेखक मोहित होतात तिच्या पोटात अणुबॉम्बचा कच्चा माल होता हे उघडे पडते.

नावाहो लोकांना १८६४ साली सैन्याने शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदोला नेले. १८६८च्या तहाने ते परत आले. तहाने जमीन मिळाली, परंतु पाण्याची हमी मिळाली नाही : जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की त्या तहामुळे नावाहो राष्ट्राला पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन सरकारवर येत नाही. तेथील अनेक कुटुंबे आजही गाडीवरून टाक्या भरून पाणी आणतात. आरव्हीतील प्रवाशाची पाण्याची टाकी आणि या कुटुंबांची टाकी बाहेरून सारखी दिसेल. एकीला साहसकथेत स्थान मिळते, दुसरीला न्यायालयाच्या कागदपत्रांत.

लुईस अल्बर्टो उरेआ यांचे ‘द डेव्हिल्स हायवे’ (२००४) हे याच वाळवंटातील तिसऱ्या प्रकारचे प्रवासलेखन. मे २००१ मध्ये सव्वीस पुरुष मेक्सिकोतून अॅरिझोनाच्या वाळवंटात शिरले. त्यांतले चौदा उष्म्याने मेले. उरेआ शरीरातील पाणी संपण्याच्या अवस्था एकामागून एक सांगत जातात, आणि प्रवासलेखनातील पाण्याची ती परिचित वही येथे मरणाची वही होते. ही माणसे चौदा दिवसांची मुदत असलेल्या जमिनीच्या जातकुळीतल्याच सरकारी जमिनीवर मेली. त्यांना तेथे एक तासही थांबण्याचा हक्क नव्हता.

७

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने खरी अडचण मराठीत येताना उभी राहते. ‘नोमॅड’ला मराठी प्रतिशब्द कोणता? कोश ‘भटका’ सुचवतील, आणि ‘नोमॅडलँड’चे भाषांतर करणाऱ्याच्या लेखणीवर तोच शब्द प्रथम येईल. परंतु मराठीत ‘भटके’ हा शब्द ‘विमुक्त’ या शब्दाला जोडलेला आहे. त्या जोडशब्दामागे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, १९५२ साली झालेला त्याचा शेवट आणि त्यानंतरही न संपलेला संशय उभा आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवांवर लादलेला आहे, लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का आहे. या आत्मकथनांत वाट ही स्वातंत्र्याची खूण कधीच नव्हती. पाल कोठे ठोकायचे, गाव किती दिवस राहू देईल, चोरी झाली तर पहिला संशय कोणावर, हेच तेथले प्रश्न आहेत.

म्हणून ब्रूडर यांच्या माणसांना सरसकट ‘भटके’ म्हणणे दोन्ही बाजूंनी अन्यायाचे ठरेल. लिंडा मे यांचा संसार एका पिढीत उखडला गेला; त्यांच्या जन्माला कायद्याने गुन्हा म्हटलेले नव्हते, आणि त्यांच्या शाळेतल्या मुलांनी त्यांना जातीवरून दूर बसवले नव्हते. उलट केवळ हा फरक दाखवून तुलनाच नाकारली तर दारावरची थाप आणि पालावरची धाड यांतले नाते हातचे जाईल. तुलना ‘भटकणे’ या क्रियेवर न उभारता ‘मुक्काम’ या हक्कावर उभारली, तर ही कोंडी फुटू शकते. गतीच्या निकषावर स्टाइनबेक, फर्न आणि कैकाडी कुटुंब एका रांगेत बसतात आणि रांग खोटी ठरते. मुक्कामाच्या निकषावर स्टाइनबेक वेगळे पडतात. जोड कुटुंब, ब्रूडर यांची वृद्ध माणसे आणि ‘उपरा’तले कुटुंब शेजारी येतात. त्यांच्यातले अंतर तरीही राहते, पण ते आता मोजता येते : एकाला चौदा दिवस, दुसऱ्याला उजाडेपर्यंत, तिसऱ्याला गाव सांगेल तोवर.

वाळवंटाची भूमी स्वतः या बाबतीत तटस्थ नाही. क्वार्ट्‌झसाइटच्या पश्चिमेस, ब्लाइथजवळ, जमिनीवरचे काळपट दगड खरवडून काढलेल्या प्रचंड मानवी आणि प्राणी-आकृती आहेत. कोरड्या हवेत त्या शतकानुशतके टिकल्या. त्यांच्यावरून गेलेल्या वाहनांच्या चाकांचे वणही तसेच टिकून राहिल्यामुळे आता भोवती कुंपण आहे. पॅटन यांच्या सैन्याने १९४२ मध्ये सरावासाठी मोहावीत फिरवलेल्या रणगाड्यांच्या खुणाही पुसल्या गेलेल्या नाहीत. मोकळ्या रस्त्याच्या साहित्याने वाळवंटाला कोरा कागद मानले. ज्या जमिनीवर चाकाची एक फेरी पिढ्यान्‌पिढ्या वाचता येते तिला कोरी म्हणणे हे वाचकाचे अज्ञान आहे, आणि ते दूर करण्याचे काम वर्णनाइतकेच समीक्षेचेही आहे.